अपग्रेड केले आणि कॅमेरा दिसेना

रॉ फायलींचे प्रकरण आज सुरू करणार होतो, ते आठवडाभर पुढे ढकलतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार काढून घेतला, तेव्हापासून वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार फिरून फिरून येते आहे. संगणकावर विंडोज ११ चढवले आणि काल-परवापर्यंत केबल लावताच फोटो उतरवून देणारा कॅमेरा आता दिसेनासा झाला; किंवा दिसतो, पण त्याच्याबरोबर आलेले सॉफ्टवेअर उघडत नाही. कॅमेरा जुना झाला, आता नवा घ्यावा का, असे एका वाचकाने सरळ विचारले आहे. निदान या कारणासाठी तरी घेऊ नये. अपग्रेड होताना कॅमेऱ्याला कुणी हातही लावलेला नसतो आणि कार्डावरचे फोटो जागच्या जागी असतात. निखळतो तो कॅमेरा आणि संगणक यांच्यामधला दुवा. फोटो उतरवण्याच्या वाटेवर एकट्या कंपनीचे सॉफ्टवेअर जितके कमी, तितकी ती वाट अपग्रेडमधून सुखरूप पार पडते, असे माझे ठाम मत आहे आणि आजचा सारा भाग त्यासाठीच खर्च करणार आहे.

केबल लावल्यावर काय घडते ते आधी पाहू. यूएसबीने जोडलेले यंत्र आपण कोणत्या वर्गातले हे संगणकाला सांगते. पेनड्राइव्ह आणि कार्ड रीडर वर्ग ८ मधले, म्हणजे मास स्टोरेज. कॅमेरे बहुतेक करून वर्ग ६ मधले, आणि तिथे पिक्चर ट्रान्सफर प्रोटोकॉल, थोडक्यात पीटीपी, चालतो. ग्रंथालयाचेच उदाहरण घ्या. मास स्टोरेजमध्ये कपाटांच्या किल्ल्याच संगणकाच्या हाती येतात. पीटीपीमध्ये तो खिडकीशी चिठ्ठी देतो आणि कॅमेरा आतून फोटो काढून आणून देतो. म्हणून पीटीपीने जोडलेल्या कॅमेऱ्याला ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हचे अक्षर मिळत नाही, नुसते कॅमेऱ्याचे चित्र आणि नाव दिसते. निकॉनच्या २००४ च्या डी७० मध्ये या दोन्ही पद्धती मेनूत होत्या, आणि कोणती निवडावी हे संगणकावर कोणती सिस्टिम आहे यावर अवलंबून होते. विंडोज एक्सपी किंवा मॅक ओएस एक्स असेल तर दोन्हींपैकी कोणतीही चाले. विंडोज २०००, मी किंवा ९८ एसई असेल तर मास स्टोरेजच. छायाचित्रकाराला आपल्या कॅमेऱ्याच्या मेनूत शिरून संगणकाच्या सिस्टिमप्रमाणे कळ बदलावी लागे. आज ही कळ बहुतेक कॅमेऱ्यांतून गेली आहे, पण सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत ‘यूएसबी कनेक्शन’खाली मास स्टोरेज आणि एमटीपी असे पर्याय अजून सापडतात. (एमटीपी म्हणजे पीटीपीची मायक्रोसॉफ्टने वाढवलेली आवृत्ती.) ज्यांचा कॅमेरा अपग्रेडनंतर रुसला आहे त्यांनी बाकी काही करण्याआधी तिथे जाऊन दुसरा पर्याय लावून पाहावा.

आता अपग्रेड नेमके काय मोडते ते. पीटीपीचे मानक २००० सालचे. त्याआधीच्या आणि त्या सुमाराच्या कित्येक कॅमेऱ्यांसाठी कंपनी स्वतःचा ड्रायव्हर सीडीवर देत असे. ते ड्रायव्हर ३२-बिट विंडोजसाठी लिहिलेले होते. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅम चालतो, पण ३२-बिट ड्रायव्हर चालत नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४-बिटमध्येच येते. तेव्हा ती सीडी कितीही जपून ठेवली असली तरी उपयोगाची नाही. मॅकवर हाच प्रकार ७ ऑक्टोबर २०१९ रोजी झाला. त्या दिवशी आलेल्या कॅटालिनाने ३२-बिट प्रोग्रॅम चालवणेच बंद केले, आणि कॅमेरा कंपन्यांची फोटो उतरवण्याची जुनी सॉफ्टवेअर एका रात्रीत निकामी झाली. त्याच मॅकवर, त्याच केबलने, पीटीपी बोलणारा तोच कॅमेरा जोडून सिस्टिमसोबत येणारे ‘इमेज कॅप्चर’ उघडले, की फोटो समोर हजर. कंपनीचे खासगी सॉफ्टवेअर बाद झाले आणि सर्वांनी मान्य केलेले मानक टिकले, इतका स्वच्छ पुरावा क्वचितच हाती लागतो.

मग मानक पाळणारी केबल तरी पूर्ण भरवशाची का? तशीही नाही, आणि याचे उदाहरण युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांना चांगलेच उपयोगी पडेल. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला दंड ठोठावला आणि मीडिया प्लेअर वगळलेली विंडोज बाजारात आणायला लावली. तीच ‘एन’ आवृत्ती. ही आवृत्ती विंडोज १० आणि ११ मध्येही आहे. तिच्यातून मीडिया प्लेअरसोबत आणखीही बरेच काही वगळले जाते, आणि त्यात कॅमेरे व फोन यांच्याशी एमटीपीने बोलणारी यंत्रणाही येते. कॅमेरा शाबूत, केबल शाबूत, मानक शाबूत, आणि तरीही फोटो उतरत नाहीत. यावर मायक्रोसॉफ्टचा मोफत ‘मीडिया फीचर पॅक’ बसवणे हा उपाय. विंडोज १० च्या सुरुवातीच्या वर्षांत मात्र मोठे अपग्रेड आले की नव्या आवृत्तीचा नवा पॅक शोधून पुन्हा बसवावा लागे. आता तो सेटिंगमधल्या ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये मिळतो. संगीत वाजवण्याच्या प्रोग्रॅमवरून झालेल्या खटल्याची झळ कॅमेऱ्याला लागावी, हे खटकते. माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे: त्याच ‘एन’ विंडोजवर, कोणताही पॅक न बसवता, कार्ड काढून रीडरमध्ये घातले तर ते मुकाट्याने उघडते. ती मास स्टोरेजची वाट असते आणि मीडिया प्लेअरशी तिचा काडीचा संबंध नाही.

कार्डाच्या या चिवटपणामागे जपानी उद्योगाने १९९८ मध्ये ठरवलेला डीसीएफ नावाचा नियम आहे. कार्डावर डीसीआयएम हे फोल्डर, त्यात १०० ते ९९९ या आकड्यांनी सुरू होणारी फोल्डरे, आणि त्यांत चार अक्षरे व चार आकडे अशा नावाच्या फायली. कॅननचे कार्ड उघडले की डीसीआयएमच्या आत १००कॅनन आणि त्यात आयएमजी_०००१ दिसते, ते याच नियमाने. पंचवीस वर्षांपूर्वीचा कॅमेरा असो की या वर्षीचा, आतली मांडणी ओळखीची. अपग्रेडमुळे इथे काही बिघडत नाही, उलट सुधारते. ३२ जीबीपर्यंतच्या एसडीएचसी कार्डांवर फॅट३२ असते. त्यापुढच्या एसडीएक्ससी कार्डांवर एक्सफॅट. विंडोज एक्सपीला एक्सफॅटसाठी वेगळे अपडेट लागे, मॅकला ते नोव्हेंबर २०१० मध्ये १०.६.५ या आवृत्तीपासून समजू लागले, लिनक्सच्या गाभ्यात २०१९ मध्ये ५.४ पासून आले. म्हणजे ज्या अपग्रेडने केबलवरचा जुना ड्रायव्हर मारला, त्याच अपग्रेडने कार्ड वाचण्याची संगणकाची ताकद वाढवली.

यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षिततेचा: पीटीपीत संगणक कार्डाच्या रचनेला हात लावू शकत नाही, रीडरमध्ये लावू शकतो. खरे आहे. मॅक कार्डावर स्वतःच्या छुप्या फायली टाकतो, आणि लिहिणे चालू असताना कार्ड खेचले तर फायलींचा तक्ताच बिघडू शकतो. पण एसडी कार्डाच्या डाव्या कडेला सरकणारी लहानशी कळ असते. ती खाली, ‘लॉक’कडे ओढून कार्ड रीडरमध्ये घातले की संगणक वाचेल, लिहिणार नाही. फोटो ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावेत आणि कार्ड पुसायचे ते कॅमेऱ्यातच, फॉरमॅट करून. एवढे पाळले तर या आक्षेपात फारसे काही उरत नाही. दुसरा आक्षेप झिजेचा: कार्ड सारखे काढून-घालून खोबण झिजते. पण झीज केबलच्या वाटेवरही होतेच. कॅमेऱ्याचे यूएसबी तोंड आतल्या पट्टीवर झाळलेले असते, ते सैल झाले तर कॅमेरा दुरुस्तीला जातो. रीडर बिघडला तर काही शे रुपयांत दुसरा येतो. कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डे वापरणाऱ्यांच्या बाबतीत मात्र हा आक्षेप मला मान्य आहे. त्या कार्डाच्या खोबणीत ५० बारीक पिना असतात, कार्ड तिरके गेले की एखादी वाकते, आणि खोबण कॅमेऱ्यातली असेल तर ते दुखणे महागात पडते. त्यांची केबल अजून चालत असेल तर त्यांनी ती खुशाल चालवावी. आणखी एक इशारा: २००६ पूर्वीचा रीडर एसडीएचसी ओळखत नाही. अशा वेळी कार्ड उघडतच नाही, किंवा संगणक ‘फॉरमॅट करू का?’ असे विचारतो. नाही म्हणावे आणि रीडर बदलावा.

फोनचे काय, त्यात तर कार्डच नाही, हा तिसरा आक्षेप. तिथे केबलला पर्याय कमी, म्हणून वाटेत फोटोवर होणारी प्रक्रिया तरी थांबवावी. सप्टेंबर २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन फोटो हाइक या प्रकारात साठवतो आणि संगणकाला देताना ‘ऑटोमॅटिक’ असेल तर त्यांचे जेपेग करून देतो. विंडोजवर कॉपी अर्ध्यात तुटते ती पुष्कळदा या रूपांतरामुळेच. कॅटालिनाच्या ‘इमेज कॅप्चर’मध्ये तर अशा रूपांतरित फायलींच्या शेवटी सुमारे दीड एमबी निव्वळ शून्ये चिकटत होती, हे २०२० च्या एप्रिलमध्ये उघडकीस आले. फोटोंच्या सेटिंगमध्ये तळाशी ‘कीप ओरिजिनल्स’ असते ते निवडावे. जेपेग हवेच असतील तर फोटो सुखरूप उतरल्यावर संगणकावर करावेत.

कंपनीचे सॉफ्टवेअर सोडले की तारखेवार फोल्डरे करण्याची त्याची सोय जाते, हे कबूल. तारीख फायलीच्या पोटातल्या एक्झिफ नोंदीत असतेच, तेव्हा मांडणी नंतर कोणत्याही प्रोग्रॅमने होते. जपायचे ते नावांना. डीसीएफमध्ये फायलीच्या नावाला चारच आकडे, त्यामुळे ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ वर येते. सगळे एकाच फोल्डरात ओतले तर एक दिवस दोन वेगळे आयएमजी_०००१ समोरासमोर येतात आणि संगणक ‘रिप्लेस’ विचारतो. म्हणून अख्खे डीसीआयएम त्या दिवसाच्या तारखेच्या नव्या फोल्डरात जसेच्या तसे कॉपी करावे. या नावांचा गुंता रॉ आणि जेपेग जोडीने काढणाऱ्यांना आणखी छळतो, तेव्हा पुढच्या भागाची सुरुवात तिथूनच करू.