घर बांधण्यापूर्वीं जमिनीची परीक्षा व विमा

कर्जत व खालापूर तालुक्यांतील शेतकरी बंधु अलीकडे गांवठाणाबाहेर, स्वतःच्या शेतांत घरें बांधूं लागले आहेत. ही गोष्ट इष्टच आहे. परंतु लाद्या व रंग यांचा जितका विचार होतो, तितका पायाखालील जमिनीचा होत नाहीं. पुढें कांहीं झालें तर विमा आहेच, असा समज दिसतो. तो किती फसवा आहे हें येथें सांगावयाचें आहे.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां पडक्या घरांचे पंचनामे लिहिण्याचें काम मजकडे वारंवार येई. त्यांतील एक अद्याप स्मरणांत आहे. मालकानें भाताच्या खाचरांत चार फूट भराव टाकून, तो एकही पावसाळा न मुरवितां, त्यावर पक्कें घर उठविलें. दुसऱ्या पावसाळ्यांत एक कोपरा खचला व भिंती चिरल्या. विमा उतरलेला होता. पण रुपयाही हातीं आला नाहीं. कंपनीनें करारांतील शब्दांवर बोट ठेविलें, आणि ते शब्द तेथें होतेच.

तशाच अर्थाचे शब्द आजही आहेत. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' हा एकाच नमुन्याचा घरविमा देशभर सुरू झाला. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, जमीन खचणें व दरड कोसळणें यांची हानि त्यांत येते. मात्र नवें बांधकाम बसणें, भरावाची जमीन हलणें, नदीनें कांठ खाणें, सदोष आंखणी, हलका माल व खोदाई यांमुळें जमीन खचल्यास भरपाई नाहीं. म्हणजे बांधण्यापूर्वींची आपली चूक आपल्याच अंगावर राहते.

सबब पुढील क्रम पाळावा. प्रथम सातबारा व फेरफार तपासून मोजणी करून घ्यावी. माथेरानभोंवतीं २००३ सालीं जाहीर झालेल्या पर्यावरण-संवेदनशील टापूंत आपला गट येतो काय, हें कचेरींत लेखी विचारावें. उल्हास किंवा पाताळगंगेच्या कांठीं जागा असल्यास २००५ च्या जुलैंतील पाणी कोठवर चढलें होतें, तें वडीलधाऱ्यांस विचारावें. जागा एक पावसाळाभर पाहावी.

नंतर चारही कोपऱ्यांवर पांच-सहा फुटांचे खड्डे घ्यावे. खाचराची चिकण माती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते. पाया तिच्याखालीं, घट्ट मुरुमावर वा कातळावर न्यावा. जोत्यांतील भराव थोड्या थोड्या थरांनीं, पाणी देऊन व धुमसानें चोपून भरावा.

डोंगराच्या पायथ्याशीं उतार तोडूं नये. वरच्या अंगास चर खणून पाणी बाजूस काढावें. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापुरांतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसें सांपडलींच नाहींत. ती वाडी दरडप्रवण गांवांच्या यादींत नव्हती. यादींत नांव नाहीं एवढ्यावर कोणीं निर्धास्त राहूं नये.

विमा अवश्य उतरावा. काम चालू असतांना बांधकामाचा विमा वेगळा असतो. ठेकेदारानें तो घेतला असल्यास त्याचा कागद स्वतः पाहावा. घर पुरें झाल्यावर घरविम्याची रक्कम पुनः बांधण्याच्या खर्चाइतकी ठेवावी. जमिनीची किंमत तींत धरूं नये. खड्ड्यांचीं व पायाचीं छायाचित्रें तारखेसह जपावीं. पाया एकदां बुजला म्हणजे त्याची साक्ष देण्यास दुसरें कांहीं उरत नाहीं.