घर घ्यायचे कुठे? नई जिंदगी की जुळे सोलापूर?

आपल्यातील कारागीर आणि छोटे व्यापारी चार पैसे गाठीला बांधतात, तेव्हा पहिला विचार घराचा येतो. पेठेतले वडिलोपार्जित घर भावाभावांत अपुरे पडते, भाड्याच्या खोलीत मुले मोठी होतात. मग शहराबाहेर नजर जाते. सोलापुरात अशा वेळी दोन नावे हमखास निघतात. मजरेवाडीकडची नई जिंदगी आणि होटगी रोड, रेल्वे ओलांडून पलीकडचे जुळे सोलापूर. आमच्या पेढीवर येणारे यंत्रमागवाले, टॉवेल शिलाईवाले, फेरीवाले सारे हेच विचारतात, की या दोन्हींत फायद्याचे कोणते? एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हिशेब मांडून सांगतो.

दोन्ही वस्त्या हद्दवाढ भागात मोडतात. १९९२ साली महापालिकेची हद्द वाढली आणि आसपासची गावे शहरात आली. नाव शहराचे मिळाले, पण रस्ता, गटार, नळ मागाहून आणि तुकड्यातुकड्याने आले. म्हणून भागाच्या नावावर न जाता ज्या गल्लीत घर घ्यायचे ती गल्ली पाहावी. पाण्याचेही तसेच. उजनीचे पाणी शंभरावर किलोमीटरच्या जलवाहिनीने येते आणि नळाला काही दिवसांआड सुटते. शेजाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत. पाणी कितव्या दिवशी येते आणि किती वेळ टिकते? दलालाच्या शब्दापेक्षा शेजारणीच्या हंड्यावर विश्वास ठेवावा.

आता रोजगाराचे पाहू. ज्याचे काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे त्याला नई जिंदगी सोयीची. जुळे सोलापुरातून निघणाऱ्याला आधी रूळ ओलांडावे लागतात, आणि आसरा पुलावरची गर्दी कोणाला सांगायला नको. पाळी चुकली की मजुरी कापली जाते. घरातील बायका विड्या वळत असतील तर पाने आणण्याची आणि माल जमा करण्याची ब्रँच किती लांब, हे आधी बघावे. रिक्षाला रोज पैसे गेले तर वळणावळीत उरते काय? उलट ज्याचे दुकान चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत आहे, माल दुसऱ्याच्या कारखान्यातून येतो आणि मुले कॉलेजात जातात, त्याला जुळे सोलापूर परवडते. तिथे फ्लॅट अधिक, रस्ते त्यामानाने रुंद, शिकवण्या जवळ.

पण फ्लॅटमध्ये माग बसत नाही. चार शिलाई मशीन लावली तरी खालचा तक्रार करतो. नई जिंदगीकडे गुंठा-दीड गुंठ्यात स्वतःच्या जमिनीवर घर होते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यात पुढे शिलाई आणि मागे बिऱ्हाड अशी सोय करण्याचा मोह होतो. शिलाईपर्यंत ठीक. सुताचा साठा आणि यंत्रमाग मात्र झोपण्याच्या जागेखाली ठेवू नये. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जीव गेले. मालकाचे कुटुंब त्याच इमारतीत राहत होते. सूत आणि टॉवेल पेट घेतात तेव्हा जिना सापडत नाही. भाडे वाचवण्यासाठी घर आणि कारखाना एका छताखाली आणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. वेगळा दरवाजा, वेगळी वायरिंग आणि बाहेर पडण्याची दुसरी वाट नसेल तर ती बचत नव्हे.

खरा धोका कागदात आहे. हद्दवाढ भागात शेतजमिनीचे तुकडे पाडून नोटरीच्या कागदावर विकल्याचे प्रकार पुष्कळ. नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्ताशिवाय मालकी येत नाही. मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. घरपट्टीची पावती आणि लाइट बिल दाखवून जागा विकणारे भेटतात. घरपट्टी हा कर आहे, मालकीचा पुरावा नाही. गुंठेवारी कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात घेतली. पण गुंठेवारीत नियमित झाल्याने मालकीचा वाद मिटत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

म्हणून बयाणा देण्याआधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, जुने फेरफार, मंजूर रेखांकन आणि बांधकाम परवाना मागावा. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावा. विकास आराखड्यात जागेवर रस्त्याचे किंवा बागेचे आरक्षण नाही ना, हे महापालिकेत पाहावे. होटगी रोडच्या बाजूला विमानतळ आहे. ९ जून २०२५ पासून तिथून विमानसेवा सुरू झाली. विमानतळाच्या परिसरात इमारतीच्या उंचीला मर्यादा असते. पुढे मजले चढवू, या हिशेबाने घेणाऱ्याने आधी चौकशी करावी.

एक गोष्ट आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. सातबाऱ्यावर इनाम, भोगवटादार वर्ग २ किंवा वक्फ असा शब्द दिसला तर थांबावे. वक्फची जमीन विकता येत नाही. २०१३ च्या दुरुस्तीनंतर अशी विक्री मुळातच रद्दबातल आहे. विकणारा ओळखीचा, नमाजी, नात्यातला असला तरी कागद तोच राहतो.

फ्लॅट घेणाऱ्याने प्रकल्पाचा महारेरा क्रमांक तपासावा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पाला नोंदणी लागते. रोखीचा व्यवहारही टाळावा. स्थावर मालमत्तेसाठी २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. खरेदी पत्नीच्या किंवा मुलीच्या नावावर केल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. वीस लाखांच्या घरात हे वीस हजार झाले, आणि घरच्या बाईच्या नावावर छप्पर झाले ते वेगळेच.

राहिला शेजाराचा प्रश्न. पलीकडच्या भागात काही ठिकाणी नाव ऐकल्यावर 'घर विकले गेले' असे सांगतात, हे आम्हालाही ऐकावे लागले आहे. पण सगळेच तसे नाहीत. व्यवहार चोख ठेवणाऱ्यांनी तिथे घरे घेतली, मुले शिकवली, शेजार जोडला. आपल्या लोकांत राहिल्याने धीर मिळतो, हे खरे. पण धीराच्या जोरावर कच्चा कागद घेणे आणि भीतीमुळे चांगली जागा सोडणे, दोन्ही तोट्याचे सौदे.

आमचा हिशेब असा आहे. ज्याची मजुरी एमआयडीसीत आणि घरकाम विडी-शिलाईचे, त्याने नई जिंदगीत पक्क्या कागदाची लहान जागा घ्यावी. ज्याचा धंदा बाजारात आणि खर्च मुलांच्या शिक्षणावर, त्याने जुळे सोलापूर पाहावे. दोन्हीकडे पक्का कागद मिळत नसेल तर भाड्याने राहावे. भाडे महिन्याला जाते, बुडालेली जमीन आयुष्याची कमाई घेऊन जाते.