माळ्यावर सापडलेली काळी पेटी

मैत्रिणीच्या आजोळी माळा आवरताना काळी पेटी निघाली. फोटो पाठवून तिनं विचारलं, "ह्याला प्लग कुठाय?"

प्लग नाहीच! हा चावीचा पोर्टेबल ग्रामोफोन, एचएमव्ही १०२. हे मॉडेल १९३१ साली आलं. सुई बसवतात त्या गोल साउंडबॉक्सवर बहुधा '५ए' किंवा '५बी' कोरलेलं असतं. चोरबाजारातले चकचकीत पितळी कर्णेवाले ग्रामोफोन बरेचदा नव्यानं जुळवलेले असतात. मला ही साधी पेटीच जास्त भरवशाची वाटते.

आवाज चिरका येतोय? आधी साउंडबॉक्स बघा. आतल्या पातळ पडद्याभोवतीचं रबर वर्षानुवर्षांत दगडासारखं होतं. ते बदललं की बालगंधर्वांचा गळा ओळखू येतो.

तबकडी अडखळत फिरत असेल, तर मोटरमधलं जुनं ग्रीस सुकलेलं असतं. साफ करून हलकं तेल द्या. स्प्रिंगचा डबा मात्र घरी उघडू नका. ताण असलेली स्प्रिंग हात फाडते.

वेग तपासायला रेकॉर्डखाली कागदाची चिठ्ठी अडकवा आणि मिनिटाला ७८ फेरे मोजा.

स्टीलची सुई दर बाजूला नवी. काटकसर केलीत तर रेकॉर्ड झिजते. एलपी तर ह्यावर अजिबात नको, जड साउंडबॉक्स ती खरवडून काढतो. आणि लाखेच्या रेकॉर्ड स्पिरिटनं पुसू नका, लाख विरघळते.

तुमच्याकडे अशी पेटी असेल तर साउंडबॉक्सचा फोटो टाका, बघून सांगते.