लिलावातलं घर घेताना

कर्ज थकलं की बँक २००२ च्या सरफेसी कायद्याने तारण घर लिलावात काढते. भंडारा असो की साकोली, नियम तेच.

समजा राखीव किंमत १० लाख. बोलीआधी बहुधा १० टक्के, म्हणजे १ लाख बयाणा भरावा लागतो. बोली ११ लाखांना सुटली, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या कामाच्या दिवशी बयाणा धरून २५ टक्के, म्हणजे पावणेतीन लाख पूर्ण करायचे. उरलेले सव्वाआठ लाख विक्री कायम झाल्यावर १५ दिवसांत. बँकेने लेखी मान्य केलं तरच मुदत वाढते. नाही भरले, तर भरलेला पैसा जप्त! म्हणून कर्ज काढायचं असेल तर मंजुरी आधी, बोली नंतर.

घर 'जसं आहे, जिथे आहे' तसंच मिळतं. नोटिशीत ताबा 'प्रतीकात्मक' लिहिला असेल, तर आत माणसं राहत असू शकतात. घर पाहून या. घरकर, वीजबिल किती थकलंय ते विचारा. शहरात आखीव पत्रिका, गावात नमुना ८ तपासा.

आम्ही एवढंच सांगतो: थकबाकी, मुद्रांक, दुरुस्ती धरून आपला शेवटचा आकडा घरीच लिहून ठेवा. समोरचा त्यापुढे गेला, की आपण थांबायचं. बचतीचा पैसा ईर्ष्येत घालवायचा नाही.