‘बाजूने की विरोधात?’ विचारण्याआधी ‘ठरवणार कोण?’

पेटची तयारी करणाऱ्या एका मैत्रिणीने मागच्या आठवड्यात सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा पाठवला. विषय होता, ‘गोंदिया जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळ्या आणि समलिंगी विवाह’. प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न : ‘आपण समलिंगी विवाहाच्या बाजूने आहात की विरोधात?’

वाचून मला माझीच पहिली मुलाखत आठवली. मीही हाच प्रश्न घेऊन एका पाळकांकडे गेले होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “ताई, हे तुम्ही मला विचारताय की मंडळीला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलाखत तिथेच आटोपली. त्या एका वाक्याने माझा संशोधन-प्रश्न कसा बदलला, ते आज सांगते. उदाहरण घेते मेनोनाइट मंडळ्यांचं, कारण हा पेच त्यांच्याकडे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

मेनोनाइट कोण?

जानेवारी 1525 मध्ये झुरिक इथे काही जणांनी प्रौढ वयात, स्वतःच्या निर्णयाने एकमेकांना बाप्तिस्मा दिला. चर्चचा कारभार राज्यसत्तेने ठरवावा हे त्यांना मान्य नव्हतं. मेनो सायमन्स हा डच धर्मगुरू 1536 मध्ये या चळवळीत आला, आणि पुढे त्याच्याच नावाने तिचे अनुयायी ओळखले जाऊ लागले. यांच्यात पोप नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायाचा आधार घेऊन ते म्हणतात की वाद मंडळीने एकत्र बसून सोडवायचा.

आता तुम्ही म्हणाल, गोंदियाचा याच्याशी काय संबंध? गोंदियाहून डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करत रायपूर गाठा आणि तिथून दक्षिणेला वळा, धमतरी लागतं. 1897 च्या दुष्काळात मदत घेऊन अमेरिकन मेनोनाइट या भागात आले आणि 1899 मध्ये धमतरीत त्यांचं मिशन सुरू झालं. तेव्हा धमतरी आणि गोंदिया दोन्ही मध्य प्रांतातच होते. म्हणजे आपल्यासाठी मेनोनाइट परंपरेचं सगळ्यात जवळचं मोठं केंद्र ते. राज्याची सीमा मधे आली म्हणून अभ्यासाची सीमाही तिथेच आखायची, असं काही नाही.

एक अधिवेशन, दोन मतदानं

अमेरिकेत मेनोनाइट मंडळ्यांचे प्रादेशिक संघ आहेत आणि त्यांच्यावर एक राष्ट्रीय संघटना. 1995 च्या विश्वासपत्रात विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचा आजीवन करार, असं लिहिलं गेलं. 2001 च्या सदस्यत्व-नियमावलीने पाळकांना समलिंगी जोडप्याचा विधी लावण्यास मनाई केली. 2014 मध्ये एका प्रादेशिक संघाने डेन्व्हरमधल्या समलिंगी स्त्री-पाळकाला परवाना दिला आणि ठिणगी पडली. 2015 च्या कॅन्सस सिटी अधिवेशनात एका ठरावाने नियमावली कायम ठेवली, तर दुसऱ्या ठरावाने मतभेद असणाऱ्यांशी सबुरीने वागायला सांगितलं. त्यानंतर लँकेस्टर हा सगळ्यात मोठा प्रादेशिक संघ संघटनेतून बाहेर पडला.

मे 2022 मध्ये पुन्हा अधिवेशन भरलं. नियमावली रद्द करण्याच्या बाजूने 404, विरोधात 84. समलिंगी व्यक्तींवर झालेल्या अन्यायाबद्दल पश्चात्ताप व्यक्त करून त्यांना पूर्ण स्वीकारण्याच्या ठरावाला मात्र 267 विरुद्ध 212.

आता वही काढा. 404 वजा 267, उरले 137. म्हणजे किमान सव्वाशेहून अधिक प्रतिनिधींनी ‘केंद्रीय नियम नको’ याला होकार दिला, पण ‘पूर्ण स्वीकार’ याला दिला नाही. ‘बाजूने की विरोधात’ या चौकटीत हे लोक बसवणार कुठे? त्यांच्यापुढे प्रश्न दोन होते. विवाहाबद्दल मत काय, हा एक. आणि ते मत सगळ्यांवर लागू करण्याचा अधिकार कोणाला, हा दुसरा.

घाई मात्र करू नका. हे 137 जण मंडळीच्या स्वातंत्र्यासाठीच तसं वागले, हे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. ‘नियमावली कोणी पाळतच नाही, मग ठेवायची कशाला’ असाही विचार कोणी केला असेल. मतांची बेरीज कारण सांगत नाही. त्यासाठी मुलाखतच घ्यावी लागते. कॅनडातल्या मेनोनाइटांनी 2016 मध्ये मंडळ्यांना आपापलं ठरवायला जागा दिली, तिथेही हीच सावधगिरी लागते.

हीच प्रश्नावली आपल्याकडे आणली तर?

फसेल. जागतिक मेनोनाइट परिषद सदस्य चर्चवर हुकूम चालवत नाही, त्यामुळे अमेरिकेतला ठराव धमतरीला बांधील नाही. शिवाय आपल्याकडचा कायदा वेगळा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. ती सुनावणीही विशेष विवाह कायद्याभोवती होती, व्यक्तिगत कायदे बाजूला ठेवले होते. ख्रिस्ती विवाह 1872 च्या कायद्याने लागतात, आणि त्यात अनेक पंथांच्या पाळकांना सरकारचा परवाना घ्यावा लागतो. म्हणजे ‘लग्न लावाल का?’ हा प्रश्न इथे जवळजवळ निरर्थक आहे. खरा प्रश्न असा : अशी व्यक्ती मंडळीत सभासद राहील का, प्रभुभोजनाला बसेल का, रविवारच्या शाळेत शिकवेल का? आणि हे पाळक ठरवतील, पंच ठरवतील, की बिशप?

अधिकाराचा वाद आपल्याकडे कुठवर जातो, याचं उदाहरण नागपूरपासूनच सुरू होतं. 29 नोव्हेंबर 1970 ला तिथे सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत मेनोनाइटांशी विचाराने जवळचं असलेलं चर्च ऑफ द ब्रेदरन होतं. पुढे गुजरातमधल्या ब्रेदरनांच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 2013 मध्ये न्यायालयाने म्हटलं की विलीनीकरणाचा नुसता ठराव पुरत नाही, विश्वस्त कायद्याची प्रक्रियाही पाळावी लागते. म्हणून मुलाखतीइतकीच ट्रस्टची घटना आणि सभेचं इतिवृत्तही वाचा.

तर करायचं काय?

एक, प्रश्नावलीत दोन अक्ष ठेवा : विवाहाबद्दलचं मत आणि निर्णयाचा अधिकार. ‘मला मान्य नाही, पण शेजारच्या मंडळीने काय करावं हे मी सांगणार नाही’ आणि ‘मला मान्य आहे, पण वरून परवानगी आल्याशिवाय नको’ ही दोन्ही उत्तरं टिपता आली पाहिजेत.

दोन, पाळकांचं मत म्हणजे मंडळीचं मत, असं लिहू नका. कोण कोणाच्या वतीने बोलतंय, ते प्रत्येक मुलाखतीवर नोंदवा.

तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. छोट्या गावात ख्रिस्ती घरं मोजकी असतात. ‘पन्नाशीच्या एक शिक्षिका, वडील पाळक’ एवढं लिहिलं तरी अख्खा तालुका त्यांना ओळखतो. नाव बदलणं पुरेसं नाही. वय, पेशा, गाव, सगळंच धूसर करावं लागतं. मुलाखतीत कोणी स्वतःबद्दल किंवा आपल्या मुलाबद्दल काही सांगून गेलं, तर ते वाक्य प्रबंधात कितीही शोभून दिसो, छापण्याआधी त्यांना पुन्हा विचारा. तुमचा प्रबंध ग्रंथालयात जाईल. त्यांना पुढच्या रविवारी त्याच बाकावर बसायचं आहे.

मैत्रिणीला मी इतकंच कळवलं की पहिला प्रश्न खोड आणि तिथे लिही, ‘तुमच्या मंडळीत एखाद्या गोष्टीवर मतभेद झाले, तर शेवटचा शब्द कोणाचा असतो?’ लोक यावर बोलतात. विवाहाचा विषय मग बहुतेकदा तेच काढतात.