मिठीला हवं तिचं खाजण

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी नदी मुंबईकरांच्या घरांत शिरली. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावरून निघालेली ही नदी जेमतेम १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीला मिळते. भरती आली की तिचं पाणी तुंबतं. ते सामावून घेण्याचं काम मुखाजवळची खाजणं, म्हणजे तिवरांची दलदल, करत. तिवरांची पेन्सिलीएवढी श्वसनमुळं चिखलातून वर डोकावतात. त्यांच्या दाटीत पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि ओहोटीला पाणी सावकाश ओसरतं. १९७०च्या दशकापासून याच दलदलीवर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं राहिलं. विमानतळापाशी तर नदीला काटकोनी वळणं घ्यावी लागली.

पुरानंतर पात्र रुंद आणि खोल केलं, काठांना काँक्रीटच्या भिंती बांधल्या. पाणी लवकर पुढे सरकतं खरं, पण भरतीपुढे तेही अडतंच. म्हणून नदीचं पुनरुज्जीवन नुसत्या गाळउपशाने होणार नाही. सांडपाणी नदीत पडण्याआधीच अडवायला हवं, उरलेलं कांदळवन राखायला हवं आणि पाण्याला पसरायला जागा सोडायलाच हवी.