बदलते हवामान आणि आदिवासी टोले : जबलपूर विभागापुढील प्रश्न

नर्मदाकाठचे जबलपूर शहर हे महाकोशलातील विभागीय मुख्यालय आहे. याच विभागात मैकल व सातपुडा पर्वतरांगांमधील दिंडोरी, मंडला, बालाघाट आणि छिंदवाडा हे जिल्हे येतात. २०११ च्या जनगणनेनुसार दिंडोरी जिल्ह्यात सुमारे ६५ टक्के, तर मंडला जिल्ह्यात सुमारे ५८ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. गोंड, बैगा आणि भारिया समाजांची वस्ती प्रामुख्याने जंगलातील लहान लहान टोल्यांमध्ये, म्हणजे पाड्यांमध्ये, विखुरलेली आहे. बदलत्या हवामानात या टोल्यांपर्यंत पाणी, रस्ता, वीज आणि निवारा कसा पोहोचवावा, हा नियोजनकारांपुढील महत्त्वाचा प्रश्न ठरला आहे.

पावसाचे बदलते स्वरूप

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली झालेले एक संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे त्यात आढळून आले. दुसरीकडे याच प्रदेशातील मान्सूनच्या एकूण पावसात मात्र घट नोंदवण्यात आली. थोडक्यात, पाऊस कमी झाला, पण जेव्हा आला तेव्हा एकदम कोसळू लागला.

डोंगरउतारावरील वस्त्यांसाठी याचा अर्थ दुहेरी आहे. अतिवृष्टीत ओढ्यांवरील लहान मोऱ्या आणि कच्चे रस्ते वाहून जातात, तर उन्हाळ्यात झरे आटतात. मंडला व दिंडोरी जिल्ह्यांचा मोठा भाग महाराष्ट्राप्रमाणेच काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी केवळ भेगांमध्ये व झिजलेल्या थरांत साठते. त्यामुळे पावसाचे पाणी मुरले नाही, तर हातपंप व कूपनलिका मार्च-एप्रिलपासूनच कोरड्या पडू लागतात. नळ बसवणे आणि त्या नळाला बारमाही पाणी येणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात, त्या याच कारणाने.

बरगीचा अनुभव

मोठी बांधकामे या प्रदेशाला नवीन नाहीत. जबलपूरजवळ नर्मदेवर बांधण्यात आलेल्या बरगी धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू होऊन १९९० मध्ये पूर्ण झाले. या धरणामुळे सुमारे २६ हजार ७९७ हेक्टर क्षेत्र पाण्याखाली गेले. मंडला, सिवनी व जबलपूर या तीन जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. प्रारंभीचा अंदाज मात्र १०१ गावांचा होता. विस्थापितांमध्ये गोंड आदिवासींची संख्या मोठी होती.

पाण्याची पातळी ठरवली गेली, पण ते पाणी कोणाच्या दारापर्यंत येणार, हे त्या लोकांना पुरेसे आधी समजले नाही. पुढे विस्थापितांनी संघटित होऊन जलाशयातील मासेमारीचा हक्क मागितला आणि १९९४ मध्ये त्यांच्या सहकारी संघाला तो काही वर्षांसाठी मिळाला. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन कसू देण्याची मागणीही त्यांनी लावून धरली. याच जलाशयाच्या काठी मंडला जिल्ह्यात चुटका अणुवीज प्रकल्प प्रस्तावित झाला, तेव्हा एकदा उठलेल्या कुटुंबांनी पुन्हा उठण्यास विरोध केला. नव्या योजनेकडे येथील लोक सावधपणे का पाहतात, याचे उत्तर या इतिहासात सापडते.

संख्येचा निकष आणि लहान टोले

दुर्गम वस्त्या मागे राहण्याचे एक कारण नियमांतच होते. २००० मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशात ५०० आणि आदिवासी व डोंगराळ भागात २५० लोकवस्तीचा निकष होता. तीस-चाळीस घरांचा बैगा टोला या गणनेत बसत नसे.

केंद्र शासनाने १५ नोव्हेंबर २०२३ रोजी विशेष असुरक्षित आदिवासी गटांसाठी पीएम जनमन अभियान सुरू केले. त्यात रस्त्यासाठीचा निकष १०० लोकवस्तीपर्यंत खाली आणण्यात आला. १८ राज्ये आणि अंदमान-निकोबारमधील ७५ गटांसाठीच्या या अभियानास २४ हजार १०४ कोटी रुपयांच्या खर्चाची मंजुरी मिळाली. त्यात ४ लाख ९० हजार पक्की घरे, ८ हजार किलोमीटर रस्ते, १ हजार फिरती वैद्यकीय पथके आणि वीजवाहिनी न पोहोचलेल्या १ लाख घरांसाठी सौर ऊर्जा यांचा समावेश होता. मध्य प्रदेशातील बैगा, भारिया व सहरिया आणि महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड हे गट त्यात मोडतात.

निधी उपलब्ध झाला, तरी आराखड्याचा प्रश्न उरतो. एका घरासाठी २ लाख ३९ हजार रुपयांची तरतूद करण्यात आली. परंतु बैगांच्या परंपरागत घरात मातीच्या जाड भिंती व कौलारू छप्पर उन्हाळ्यात गारवा राखतात. सिमेंटचे सपाट छत पावसात सुरक्षित असले, तरी मे महिन्यात ते तापते. छताची उंची, वायुवीजन आणि ओसरी यांचा विचार आराखड्यातच झाला, तर दोन्ही ऋतूंत घर राहण्याजोगे होते. रस्त्याच्या बाबतीतही मोऱ्यांचा आकार पूर्वीच्या सरासरी पावसावर बेतून चालत नाही. अतिवृष्टीच्या एका दिवसाचा हिशेब त्यात धरावा लागतो.

कोदो-कुटकीचा आधार

हवामानाशी जुळवून घेण्याचे ज्ञान या समाजांकडे पूर्वापार आहे. बैगा समाज पूर्वी ‘बेवर’ म्हणजे फिरती शेती करीत असे. ब्रिटिश राजवटीने त्यावर निर्बंध घातले आणि १८९० मध्ये आजच्या दिंडोरी जिल्ह्यातील ‘बैगाचक’ या मर्यादित क्षेत्रापुरती तिला मुभा ठेवली. एकाच शेतात अनेक पिके घेण्याची त्या शेतीची पद्धत होती. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागत असे.

कोदो आणि कुटकी ही भरडधान्ये हलक्या जमिनीत, कमी पाण्यावर येतात आणि नीट वाळवल्यास दीर्घकाळ टिकतात. दिंडोरीच्या लहरीबाई या बैगा महिलेने सुमारे दीडशे प्रकारची देशी बियाणी जतन केली असून २०२३ मध्ये त्यांच्या कार्याची राष्ट्रीय पातळीवर दखल घेतली गेली. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयानेही कोदोचे सुधारित वाण विकसित केले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये जबलपूर येथे झालेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत या धान्यांसाठी राणी दुर्गावती श्रीअन्न प्रोत्साहन योजनेस मंजुरी देण्यात आली.

तथापि, पीक टिकाऊ असले तरी अवकाळी ओलावा त्यासही बाधतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बांधवगड येथे १० हत्ती मृत्युमुखी पडले. बुरशी लागलेल्या कोदोत निर्माण होणारे विष त्यांच्या शरीरात आढळल्याचे तपासणीतून समोर आले. त्यामुळे धान्य वाळवण्यासाठी ओटे व कोरडी साठवण यांचीही गणना आता पायाभूत सुविधांत करणे आवश्यक ठरते.

निर्णय कोणाचा

वनहक्क कायदा, २००६ अन्वये असुरक्षित आदिवासी गटांना आपल्या संपूर्ण अधिवासावर सामूहिक हक्क मागता येतो. बैगाचकातील गावांना हा अधिवास हक्क २०१५ मध्ये मिळाला. असा हक्क मान्य होण्याचे देशातील ते पहिले उदाहरण मानले जाते. मध्य प्रदेशाने नोव्हेंबर २०२२ मध्ये पेसा नियमही लागू केले, ज्यांद्वारे जल, जंगल व जमिनीसंबंधीच्या निर्णयांत ग्रामसभेला स्थान मिळाले.

या तरतुदींचा उपयोग नियोजनाच्या पहिल्या टप्प्यातच होणे गरजेचे आहे. कोणता झरा मे महिन्यापर्यंत वाहतो, कोणता ओढा रात्रीतून चढतो आणि पावसाळ्यात आजारी माणसाला कोणत्या वाटेने न्यावे लागते, हे टोल्यातील लोकांना ठाऊक असते. ही माहिती नकाशावर येण्यासाठी सर्वेक्षणापूर्वी ग्रामसभा व्हावी लागते. अंदाजपत्रक मंजूर झाल्यानंतर केवळ संमतीची सही घेतली गेली, तर ग्रामसभेला आराखडा बदलण्यास वाव उरत नाही. बरगीच्या वेळी १०१ आणि १६२ या आकड्यांमध्ये पडलेले अंतर हे अशाच राहून गेलेल्या चौकशीचे होते.